देवाचा दैत्य आणि दैत्याचा देव

‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याला पहिल्या खेपेपेक्षा मोठा प्रेक्षक लाभला. या सहा वर्षांत एक विलक्षण गोष्ट घडली. त्या चित्रपटातील हस्तर हा पतित देव लोकसाहित्याच्या प्रकल्पांमध्ये ‘कोकणातील विस्मृत लोकदैवत’ म्हणून अवतरू लागला. विद्यार्थ्यांचे एक वेळ सोडून देऊ. परंतु असे प्रकल्प मान्य करणाऱ्या अध्यापकांचे काय? हा प्रमाद किरकोळ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हस्तरची कथा पाहू. समृद्धीच्या देवीने कोट्यवधी देवांना जन्म दिला. हस्तर हे तिचे पहिले आणि लाडके अपत्य. त्याने तिचे सोने बळकावले. धान्यावर हात टाकू लागताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. देवीने त्याला वाचवले, पण एका अटीवर : त्याची पूजा कधीही होणार नाही, त्याचे नाव विसरले जाईल. तेव्हापासून तो देवीच्या गर्भात, सोन्यासह आणि भुकेसह, कोंडलेला आहे.

या दैवताचा लेखी वा मौखिक पुरावा कोठे आहे, असे विचारल्यास ठरलेले उत्तर मिळते : तो विसरला गेला, म्हणून पुरावा नाही. पुराव्याचा अभाव हाच पुरावा मानायचा असेल, तर संशोधनाची गरजच काय? विस्मृतीची अट ही कथाकाराची युक्ती आहे, आणि ती उत्तम आहे. पण कथेतील युक्तीला अभ्यासाची पद्धत समजणे हा भाबडेपणा झाला.

हस्तरची वंशावळ वस्तुतः छापील पुस्तकांत सापडते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्या कल्पनेचे बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे. धारपांची कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर आधारलेली. ती त्याच्या ‘स्केलिटन क्रू’ (१९८५) या संग्रहात आहे. किंगच्या कथेत ज्या अघोर शक्तीच्या नावाने मंत्र उच्चारला जातो, तिचे नाव ‘हास्टर’. हे साम्य योगायोगाचे मानणे कठीण आहे. किंगने ते नाव लव्हक्राफ्ट आणि त्याचा अनुयायी ऑगस्ट डर्लेथ यांच्या परंपरेतून उचलले. त्याआधी रॉबर्ट चेंबर्सच्या ‘द किंग इन यलो’ (१८९५) मध्ये ते संदिग्धपणे येते, आणि सर्वांत आधी अँब्रोज बिअर्सच्या ‘हायटा द शेफर्ड’ या कथेत. बिअर्सच्या कथेतील हास्टर कोण आहे? मेंढपाळांचा सौम्य, कृपाळू देव! म्हणजे चित्रपटातील हस्तर पुराणात पतित झाला असेल वा नसेल, साहित्यात तो खरोखरच पतित झाला आहे. मेंढ्या राखणाऱ्या देवाचा शंभर वर्षांत पुस्तकापुस्तकांतून राक्षस झाला.

आता आपल्याकडील पराभूतांकडे पाहावे. ‘तुंबाड’चे काही चित्रीकरण सासवडच्या वाड्यात झाले. त्याच पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. मार्तंडभैरवाने मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध केला, अशी कथा ‘मल्हारी माहात्म्या’त आहे. मरताना शरण आलेल्या मणीला गडावर स्थान मिळाले, आणि आजही त्याला तेथे मान आहे. मल्लाचा शत्रू म्हणून देव मल्लारी झाला, मल्हारी झाला. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे नाव आपल्या नावात वागवले. याच तालुक्यात वीर येथे म्हस्कोबा आहे. भाविक त्याला श्रीनाथ, म्हणजे भैरव मानतात, आणि माघातील यात्रेत जोगेश्वरीशी त्याचे लग्न लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मध्ये म्हसोबाचा माग महिषासुरापर्यंत नेला आणि एके ठिकाणी देवी ज्याला मारते, त्याच्याशीच दुसऱ्या ठिकाणी तिचे लग्न होते, या विसंगतीकडे लक्ष वेधले. बळीराजाचे काय सांगावे? पाताळात गाडलेला हा दैत्यराज दिवाळीच्या पाडव्याला घरोघरी आठवला जातो, आणि जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) वामनालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. आपल्या लोकपरंपरेने हरलेल्याला विसरण्याची शिक्षा दिली नाही. तिने त्याच्याशी व्यवहार ठेवला : शेंदूर दिला, नैवेद्य दिला, वेस राखायला दिली. कोपर, दिवा, डोंबिवली या पट्ट्यातून आमच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांनी इमारतींच्या गर्दीत उरलेली गावदेवी आणि तिच्या आसपासचे शेंदरी दगड पाहिलेले असतात. त्या दगडाला भय आहे, पण त्या भयाला वार आहे, मानकरी आहे, बोलण्याची रीत आहे. हस्तरला यांतले काहीच नाही. त्याला ना भक्त, ना गोंधळी, ना वाचा. तिकडे देवाचा दैत्य झाला, इकडे दैत्याचा देव. या दोन प्रवाहांना एकाच ‘लोकदैवत’ या शीर्षकाखाली बसवणे म्हणजे दोन्हींचे वाचन न करणे.

यावर दुसऱ्या बाजूने लगेच आवाज उठेल : मग सगळी उसनवारीच की! आम्हांला हेही मान्य नाही. नाव उसने असेल, भूक उसनी नाही. किंग वा डर्लेथ यांच्या हास्टरला अन्नाची वासना नाही. हस्तरला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून पिठाची बाहुली दाखवली की तो झडप घालतो आणि तेवढ्यात माणूस त्याच्या लंगोटातील मोहरा लुटतो. १९१८ ते १९४७ या काळातील वाडा, त्यातील कर्मठ कुटुंब, धान्य सोडून सोन्यामागे लागलेली एक पिढी आणि बापाकडून मुलाकडे आलेली हाव ही या मिथकाची खरी माती आहे. ती लोकांनी नव्हे, लेखकांनी मळली. ते श्रेय ‘परंपरे’च्या नावे जमा केले, की लेखक आपोआप पुसला जातो.

तो पुसला जाणे अनेकांना सोयीचे आहे, हे आमचे खरे दुखणे. रहस्य-भयकथा म्हटली की नाके मुरडणारी आमची अध्यापक मंडळी धारपांना (१९२५–२००८) वाङ्मयाच्या इतिहासात एखादे वाक्य देऊन मोकळी होतात. रूपांतर म्हणजे दुय्यम, आणि भय म्हणजे करमणूक, हा आमचा जुना निवाडा. तोच मजकूर पडद्यावरून परत आला आणि त्याला ‘लोक’ हे प्रतिष्ठित विशेषण चिकटले, की मात्र आमची अभिरुची सुखावते. रूपांतरात नावे कशी बदलतात, कोणती भीती ओलांडून येते आणि कोणती इथेच उगवते, हे शिकवायला ‘ग्रॅमा’, ‘आजी’ आणि ‘तुंबाड’ यांच्याइतकी सोयीची साखळी दुसरी क्वचितच मिळेल. तौलनिक साहित्याच्या तासाला ती शिकवावी. लोकसाहित्याच्या तासाला मात्र विद्यार्थ्यांना वीरच्या यात्रेला न्यावे, जेजुरीच्या पायऱ्या चढवाव्यात. तेथील देवांना अजून कोणी विसरलेले नाही. त्यांच्याविषयी सांगणारी माणसे तेथेच आहेत, आणि त्यांना विचारायला जाण्याचा कंटाळा एवढेच आपले कारण आहे.