शिल्लक दाखवा, बायको आणा

उत्पन्न सिद्ध करण्याच्या कलेत आपण मराठी माणसं कोणाला हार जाणार नाही. फक्त ही कला आपल्याकडे एकाच दिशेने वाढली. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला काढायचा तो बहुधा उत्पन्न कमी आहे हे दाखवायला. मुलाची फी माफ व्हायची असो की एखादी योजना पदरात पाडून घ्यायची असो, माणूस तहसीलदार कचेरीच्या पायऱ्या झिजवतो आणि आपण किती गरीब आहोत हे सहीशिक्क्यानिशी लिहून आणतो. चौकशीला कोणी येणार असं कळल्यावर दारातली मोटारसायकल दोन दिवस मेहुण्याकडे पाठवणारे सद्गृहस्थ मला ठाऊक आहेत. पण आपलं उत्पन्न भरपूर आहे हे एखाद्या सरकारला पटवून द्यायची वेळ आली, की हाच माणूस पार गडबडून जातो. ही वेळ हल्ली एका प्रसंगी हटकून येते. मुलीचं लग्न विलायतेतल्या मुलाशी होतं तेव्हा.

मी बँकेतला कारकून. बी.कॉम. झालो आणि काउंटरच्या अलीकडे बसलो, तो अजून बसलोच आहे. त्यामुळे जगातल्या सगळ्या सुखदुःखांचं आधी स्टेटमेंट होतं आणि मग ती माझ्यापर्यंत पोचतात. आमच्या शाखेत एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, खातं आमच्याकडेच. जावई इंग्लंडात, तिथलाच नागरिक. एक दिवस गुरुजी म्हणाले, "साहेब, मुलीच्या पगाराचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट शिक्का मारून द्या. व्हिसाला लागणार." मी ते काढून दिलं. चार दिवसांनी गुरुजी ते तसंच परत घेऊन आले.

"जावईबापू फोनवर म्हणाले, हिचा पगार चालत नाही."

"चालत नाही म्हणजे?"

"धरतच नाहीत म्हणे. त्यांचा एकट्याचाच धरतात." मग जरा थांबून त्यांनी मला विचारलं, "साहेब, माझ्या मुलीचा पगार म्हणजे पगार नव्हे का हो?"

आता या प्रश्नाला काउंटरवरून काय उत्तर द्यायचं? मी बँकेच्या वतीने "पगारच आहे की, गुरुजी" एवढं म्हणालो. पण प्रश्न डोक्यात बसला. घरी आलो, त्या देशाचे नियम मिळवून वाचले, आणि अनेक वर्षांच्या नोकरीत जमवलेली माझी सगळी शांतता निघून गेली.

नियम असा. २०१२ च्या जुलैपासून ब्रिटनने ठरवलं, की तिथल्या नागरिकाला किंवा स्थायिकाला परदेशातला नवरा अथवा बायको आणायची असेल तर वर्षाचं उत्पन्न निदान १८,६०० पौंड पाहिजे. ११ एप्रिल २०२४ रोजी हा आकडा एकदम २९,००० झाला. रुपयांत तीस लाखांच्या वर. म्हणजे वर्षाला २०,००० पौंड मिळवणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी ज्याने १० एप्रिलला अर्ज टाकला तो संसार करायला लायक, आणि ज्याने ११ एप्रिलला टाकला तो नालायक. एका रात्रीत असं काय झालं? डाळ-तांदूळ महागले? भाडं वाढलं? काही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तर हा आकडा पुढे ३८,७०० पर्यंत न्यायची घोषणा झाली होती. २०२४ मध्ये सरकार बदललं आणि ती चढण थांबली, म्हणून २९,००० वर निभावलं.

बरं, हे २९,००० आले कुठून? दोन माणसांना वर्षाला काय लागतं याचा हिशोब कोणी मांडला असेल असं वाटेल. तसं नाही. कुशल कामगारांच्या व्हिसाला पात्र असणाऱ्या नोकऱ्यांचे पगार खालून वर रचायचे आणि खालचा पाव हिस्सा जिथे संपतो तिथे रेघ मारायची, ती ही रेघ. किराणा किती लागेल हे ठरवायला दुसऱ्यांच्या पगाराची यादी काढण्याची ही पद्धत आमच्या सौभाग्यवतींनी ऐकली, तर महिन्याचं वाणसामान आणायचं काम त्या कायमचं माझ्याकडून काढून घेतील.

यातली गंमत पुढेच आहे. त्याच सरकारने २०२५ च्या एप्रिलपासून एकवीस वर्षांवरच्या माणसासाठी किमान मजुरी ठरवली ती ताशी १२.२१ पौंड. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्नच्या बावन्न आठवडे, एक दिवसही न आजारता काम केलं तर होतात सुमारे २५,४०० पौंड. म्हणजे सरकार एका हाताने लिहून देतं, की एवढी मजुरी मिळाली म्हणजे माणूस धडपणे जगतो. आणि दुसऱ्या हाताने लिहितं, की एवढ्याशा मजुरीत माणूस बायको कशी आणणार? दुकानात माल लावणारा, म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळी करणारा, हॉटेलात भांडी घासणारा, यांनी दिवसभर राबावं, कर भरावा, आणि संध्याकाळी बायकोला फोनवर बघावं. एकट्याने राहण्याची अट या नोकऱ्यांच्या जाहिरातीत कुठे छापलेली नसते.

समजा, पगार आहे. पण पगार असणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं, हे हयातीचा दाखला घेणाऱ्या कारकुनाला कोणी सांगायला नको. पेन्शनर समोर उभा राहून खोकत असतो आणि तो जिवंत आहे याचा आम्ही कागद मागतो. तसंच हे. सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या हव्यात. त्याच सहा महिन्यांची बँकेची स्टेटमेंटं हवीत आणि चिठ्ठीतली निव्वळ रक्कम त्यांत जमा झालेली दिसायला हवी. मालकाचं पत्र हवं. सहा महिने एकाच मालकाकडे झाले नसतील, मध्येच नोकरी बदलली असेल, तर मागच्या बारा महिन्यांचा हिशोब काढा. स्वतःचा धंदा असेल तर अख्ख्या आर्थिक वर्षाचे हिशोब आणि कराचे कागद. आणि नेमल्या पगाराच्या नोकरीत सहा महिन्यांत पगार वाढला असेल, तर धरायचा तो सगळ्यांत कमी असलेला. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडे ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरचं व्याज असंच काढत असत. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. पुढे आपल्याला त्याची लाज वाटली आणि रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं. विलायतेत पगारवाढीची लाज वाटायची अजून बाकी आहे.

पगार कमी असेल तर साठवलेली पुंजी दाखवता येते. गुरुजींनाही हे कुठून तरी कळलं. "माझा फंड पडून आहे. तो जावईबापूंना देऊन टाकतो. मुलीच्या सुखापेक्षा फंड मोठा आहे का?" मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि गणित समजावलं. गुरुजी, पहिली गोष्ट, त्यातले पहिले १६,००० पौंड नाहीतच असं समजायचं. उरतील त्यांना अडीचने भागायचं. येईल ते तुमच्या जावयाच्या उत्पन्नात धरायचं. म्हणजे ५०,००० पौंड ठेवले तर वर्षाला १३,६०० मिळवल्यासारखे. उत्पन्न शून्य असेल तर ८८,५०० पौंड शिल्लक हवी. आपल्या पैशात कोटीच्या आसपास. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर त्यांनी मुलांना भागाकार शिकवला, पण सोळा हजार गाळून अडीचने भागण्याचं उदाहरण त्यांच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हतं.

शिवाय ही रक्कम खात्यात सहा महिने पडून असावी लागते. लोणचं मुरावं तसे पैसे मुरले पाहिजेत. ताजे पैसे चालत नाहीत. मुरण्याच्या काळात चमचाभर कोणी काढून घेतलं, की खाली गेलेला आकडाच धरायचा. आणि हे पैसे उसने नाहीत, भेट आहेत, असं लिहून द्यायचं. सासऱ्याने जावयाला दिलेले पैसे उसने नसतात, ही गोष्ट महाराष्ट्रात शेंबडं पोर सांगेल. पण विलायतेला त्याचा कागद लागतो.

आता मी माझ्या धंद्यातला मुद्दा मांडतो आणि तो विनोदाने मांडत नाही. आमची बँक लोकांना घरासाठी कर्ज देते. लाखो रुपये, वीस-वीस वर्षांसाठी. पैसा बुडाला तर आमचा बुडतो. तरी आम्ही अर्जदाराला काय विचारतो? नवऱ्याचा पगार किती? बायकोचा किती? दोघांचा मिळून धरा. कमी पडतोय? जामीनदार आहे? आणा. तारण आहे? ठेवा. ज्याचा पैसा अडकतो तोसुद्धा घर चालेल की नाही हे असं सगळ्या बाजूंनी बघतो, कारण घर नेहमी सगळ्या बाजूंनीच चालतं.

आणि हे सरकार काय देतं? एक दमडी नाही. या व्हिसावर येणाऱ्या माणसाला कायमचं राहायची परवानगी मिळेपर्यंत सरकारी मदतीला हात लावायची मनाई असते, तसं परवान्यातच लिहिलेलं असतं. दवाखान्याचा खर्च म्हणाल तर तो आगाऊ घेतात. २०२४ च्या फेब्रुवारीत तो अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड झाला. अर्जाची फी निराळी. म्हणजे कर्ज नाही, अनुदान नाही, जोखीम जवळजवळ नाही, उलट पैसे पुढून. असं असूनही बायकोचा परदेशातला पगार धरायचा नाही. तिला तिथे नोकरी देतो असं पत्र कोणी दिलं तरी तेही धरायचं नाही. आईबाप म्हणाले आम्ही सांभाळू, घर आमचं आहे, तरी एरवी तो जामीन नको. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट तत्त्वतः मान्य केली, पण मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या दुसऱ्या मार्गांचा विचार नीट केलेला नाही म्हणून कानही पिळला. तेव्हापासून ही दुसरी मदत बघतात, पण अगदी अपवाद म्हणून, घरावर फारच कठीण प्रसंग ओढवेल असं दाखवलं तर. एवढ्या अटी घालून आमच्या बँकेने कर्ज दिलं असतं, तर बुडीत कर्ज एकही निघालं नसतं. कारण कर्जच एकही निघालं नसतं.

"करदात्यांवर भार पडू नये" हे या नियमाचं समर्थन. रास्त आहे. मीही करदाता आहे आणि दर मार्चमध्ये माझ्याही पोटात दुखतं. पण भार पडू नये हीच इच्छा असेल, तर मिळवती बायको घरात येणं ही चांगली गोष्ट की वाईट? दोन मिळवती माणसं एका घरात राहिली म्हणजे भाडं एक, गॅस एक, दिवा एक. हे कळायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. भार मोजायचा तर घराचा मोजा. एकट्या नवऱ्याची पगाराची चिठ्ठी मोजून घर कळत नाही.

तिथल्या कचेरीची ही खोड मात्र जुनी दिसते. १९८० च्या दशकात तिथे स्थायिक पुरुषाने बायको आणणं सोपं आणि स्थायिक बाईने नवरा आणणं कठीण होतं. तीन बायका स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि १९८५ मध्ये जिंकल्या. हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे, असं न्यायालयाने म्हटलं. सरकारने निकालाचा मान राखून भेदभाव काढून टाकला. कसा? बायको आणणंही तितकंच कठीण करून! बँकेत दोन खिडक्या आहेत, एकीवर रांग हलत नाही म्हणून कोणी तक्रार केली, तर आम्ही दुसरीवरही 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लावावी, तसं झालं. समानता आली हे खरंच.

म्हणून माझी त्या सरकारला नम्र सूचना आहे. तुम्हाला घर चालतं की नाही हे खरोखर बघायचं असेल, तर दोघांचं उत्पन्न धरा, मग ते पौंडांत असो की रुपयांत. तिथे मिळालेल्या नोकरीचं पत्र धरा. राहायला आईबापांचं घर असेल तर भाडं वाचतं ते धरा. जामीनदार घ्या. आणि तुमच्याच कायद्याने ठरवलेली मजुरी पूर्णवेळ मिळवणाऱ्याला तरी संसाराला लायक समजा. आणि हे काहीच बघायचं नसेल, गरिबाने परदेशात लग्न करू नये एवढंच म्हणायचं असेल, तर तसं एका ओळीत छापा. लोकांचे चिठ्ठ्या जमवायचे श्रम वाचतील, आमचे शिक्के वाचतील.

पहिला मार्ग पसंत पडला तर नमुन्याचा अर्ज नव्याने करायला नको. आमच्या गृहकर्जाचा फॉर्म आहे. त्यात सहकर्जदाराचा रकाना आहे, जामीनदाराचा आहे, तारणाचा आहे. कोरा फॉर्म फुकट मिळतो. फक्त दुपारी साडेतीनच्या आत या.