ऋणनिर्देशात नसलेले नाव

स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकांत ऋणनिर्देशाचे पान भरगच्च असते: मुखपृष्ठकार, अक्षरजुळणीवाला, प्रकाशनाला आलेले पाहुणे, सगळे असतात. संपादक तेवढा नसतो, आणि तो नसल्याचे पुढल्या प्रत्येक पानावर कळते. प्रकाशक नको म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. संपादक नको म्हणणे अजिबात नाही. दाखला आपल्या तिवसा तालुक्यातच आहे. मोझरीच्या गुरुकुंजातून 1955 साली ‘ग्रामगीता’ आली, ती पुण्या-मुंबईच्या दारात न जाता. पण तुकडोजी महाराजांच्या साहित्याच्या संपादनाला सुदाम सावरकरांसारखा माणूस वाहून घेऊन बसला होता. खंजिरीवर लाखोंना डोलवणाऱ्या संतालाही तो हात लागला, तर आपण कोण? यावर आक्षेप येतो की संपादक म्हणजे शहरी पहारेकरी, तो आपली वऱ्हाडी घासूनपुसून गुळगुळीत करील. भीती खोटी नाही; याच रागातून 1969 साली तरुण लेखकांनी ‘सत्यकथा’ मासिकाची होळी केली. पण त्याच बंडखोर पिढीतल्या अरुण कोलटकरांच्या कविता 1977 साली ‘प्रास’ प्रकाशनाने काढल्या, आणि तिथे अशोक शहाणे होते, अक्षराअक्षरावर अडून बसणारे. बंड संपादकशाहीशी होते, संपादनाशी नव्हते. ‘धग’ कादंबरीतली वऱ्हाडी कळणारा, लेखकाला ‘हे पान काढा’ असे तोंडावर सांगणारा वाचक अमरावती-अकोल्यात आजही सापडतो. छपाईच्या खर्चात त्याचे मानधन आधी धरा, मग मुखपृष्ठाचा रंग ठरवा.