माळ्यावरची वही

यंदा दिवाळीआधी घर आवरायला देऊळघाटला गेलो, तेव्हा एम. ए.च्या वर्गातली एक विद्यार्थिनी सोबत आली. जवळच्याच गावची, मोडी लिपीचा वर्ग पुरा केलेली. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी वह्या आहेत, हे ऐकल्यापासून तिला धीर निघत नव्हता.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा. त्यामुळे बखरींवर निबंध लिहा म्हटले की निम्मा वर्ग जिजाऊ आणि शिवाजीमहाराज यांच्याकडे वळतो. बखरीला मुले डोळे मिटून ‘मूळ साधन’ म्हणतात. का? तर ती जुनी! वाचकहो, महाराज गेले १६८० साली. त्यांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली १६९४ मध्ये. मल्हार रामराव चिटणिसाची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाली. दोघांना एकाच पाटावर कसे बसवायचे?

महाराजांच्या जन्माचेच पाहा. उत्तरकालीन बखरींच्या भरवशावर लोक १६२७ साल धरून चालले होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत निघाली शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. देशमुखांच्या घरातली सालवार टाचणे ती. ना अलंकार, ना चमत्कार. महाराजांच्याच काळातल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी आहे.

म्हणून चिटणिसाची बखर काही बंबात घालायची नाही. १८१० च्या सुमारास लोक महाराजांविषयी काय मानत होते, असे विचाराल तर तीच अस्सल साक्ष. प्रश्न बदलला की त्याच कागदाची जागा बदलते. वर्षानुवर्षे हे मी फळ्यावर लिहीत आलो आहे. फळ्यावर लिहायला काय जाते!

आमच्या घरी एक गोष्ट आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा पणजोबांनी पेव उघडून गावाला ज्वारी वाटली. आई ही गोष्ट दर लक्ष्मीपूजनाला सांगते. एकदोन व्याख्यानांत मीही ती ऐकवून टाळ्या घेतल्या आहेत.

ट्रंकेतून शके १८२१ ची खातेवही निघाली. मुलगी ओसरीवर बसून अडखळत वाचू लागली. नाव, पुढे ज्वारीचे माप, आणि त्यापुढे ‘सवाईने’. मणाला सव्वा मण परत! पान उलटले, तेच. आणखी उलटले, तेच. ती थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “सर, पुढे वाचू?”

खरे सांगतो, ‘नको’ अगदी ओठांवर आले होते.

आत आई चकल्या तळत होती. तिथूनच म्हणाली, “लिहिलं म्हणजे घेतलंच, असं कुठं आहे?”

मला वाटले, ही सासरची माया बोलते आहे. मुलीने मात्र वसुलाचा रकाना बोटाने तपासत नेला. बहुतेकांचा वसूल चोख मांडलेला होता, सवाईसकट. अकरा नावांपुढे काहीच नव्हते. त्यांना माफ केले, की फेडायला त्या घरात कोणी उरलेच नाही? वही तेवढे सांगत नाही. शिवाय ती देणाऱ्याच्या हातची. घेणाऱ्याने आपल्या घरी काय सांगितले, ते तीत कुठून येणार?

त्या अकरांतले एक आडनाव गावात अजून नांदते आहे. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. “आजी, त्या दुष्काळाचं त्यांच्याकडे काय सांगतात, विचारून येऊ का?”

आई बराच वेळ कढईकडे पाहत राहिली. मग तिने फळीवरून डबा काढला.

“जा. पण दिवाळीचे दिवस आहेत, रिकाम्या हातानं जाऊ नको.”