काकडी आधी, चिकन नंतर

कॅफेच्या मेन्यूकार्डावर ‘चिकन क्युकंबर बाउल’ असं दिसलं की आपण किंमत न बघता ऑर्डर देतो. तोच ऐवज आईने ‘भात, उकडलेलं चिकन आणि खमंग काकडी’ म्हणून ताटात वाढला, तर? ‘ई... उकडलेलं?’ म्हणून नाक मुरडणार! नावात काय आहे म्हणतात. बॉस, या पदार्थाचं निम्मं तर नावातच आहे.

उरलेलं निम्मं मात्र आपल्या किचन ओट्यावर आहे, आणि या आठवड्यात त्याचाच विषय. कारण ‘रात्री जेवायला काय?’ हा प्रश्न तुम्हाला हिंजवडीत पडत असेल, तर मला कुरकुंभमध्ये पडतो. नवीन वाचकांसाठी सांगते. पुण्याहून सोलापूर हायवेने साधारण ऐंशी किलोमीटर आलात की एक मोठा चौक लागतो. डावीकडे दौंड, उजवीकडे बारामती. फिरंगाई देवीचं देऊळ, केमिकल आणि औषधांच्या कंपन्यांची एमआयडीसी, हायवेवरचे ढाबे आणि आमच्यासारखी नोकरीमुळे येऊन पडलेली भाड्याच्या फ्लॅटमधली जनता, असं हे गाव. नवरोबा कंपनीत, मी लॅपटॉपवर. ढाब्याचं तंदुरी-दालतडका पहिल्या महिन्यात भारी वाटतं. तिसऱ्या महिन्यात जीन्सचं बटण तक्रार करायला लागतं.

त्यात शिफ्ट. सेकंड शिफ्ट म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. मी आठला जेवणार, तो साडेअकराला. गरम रस्सा केला तर त्याच्या वाट्याला दोनदा उकळलेला, वर साय धरलेला रस्सा. पोळी केली तर कडक. नवीन संसारातल्या निम्म्या कुरबुरी अशा थंड ताटावरून होतात, हे माझं स्पष्ट मत आहे (पुरावा मागू नका). म्हणून मला असं जेवण हवं होतं, जे आठला जितकं चांगलं लागेल तितकंच साडेअकरालाही लागेल. चिकन-काकडीचा बाउल इथे फिट्ट बसतो. यातलं चिकन थंडच चांगलं लागतं आणि काकडी तर थंडच हवी. गरम करायचा तो फक्त भात.

ही जोडी कुठल्या फूड ब्लॉगरच्या डोक्यातून निघालेली नाही हं! सिंगापूरच्या फूड सेंटरमध्ये मिळणारा हैनानी चिकन राइस बघा. अख्खी कोंबडी मंद आचेवर पाण्यात शिजवायची, त्याच पाण्यात भात करायचा आणि बाजूला काकडीच्या चकत्या. चीनच्या सिचुआन प्रांतातलं बँग बँग चिकन म्हणजे उकडून ओरबाडलेलं चिकन, काकडी आणि तिळाचं झणझणीत सॉस. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तर काकडीच्या सॅलडचे व्हिडिओ टिकटॉकवर इतके गाजले, की आइसलँडमध्ये काकडी कमी पडल्याची बातमी जगभर झळकली. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद. तरी ती क्रेझ इन्स्टाग्रामच्या रील्समधून आलीच.

पण मंडळी, आपल्या खमंग काकडीपुढे ते सॅलड म्हणजे फर्स्ट इयरचा पोरगा आहे. काकडी हातात धरून सुरीने उभी-आडवी कोचवायची. दाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू, चिमूटभर साखर आणि वरून जिऱ्याची चर्र फोडणी. तिकडे तीळ, इकडे दाणे. आयडिया एकच. आपण फक्त तिला उपासाच्या आणि सणाच्या ताटात डाव्या बाजूला बसवून ठेवलं. चिकनशेजारी कधी आणलंच नाही.

आता मुद्द्यावर येते. या बाउलमध्ये एक वस्तू पूर्ण कच्ची खायची आहे आणि दुसरी कच्ची असताना चांगलीच धोकादायक आहे. दोघी एकाच ओट्यावर, एकाच सुरीने, एकाच घाईत. जानेवारी २०२५ आठवतोय? पुण्यात सिंहगड रोड परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला. संशय मुख्यतः दूषित पाण्यावर होता, पण हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यांतही सर्रास असतो आणि त्याने कोंबडी आजारी दिसतेच असं नाही. झालं! आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन आठवडे चिकन बंद आणि पनीर चालू.

चिकन बंद करायची गरज नव्हती. हा जिवाणू नीट शिजवलं की मरतो. खरी भानगड असते ती चिकनचं पाणी काकडीला लागण्याची. चिकन शिजतं, त्याच्यातला जिवाणू मरतो. काकडीवर उडालेला थेंब मात्र तसाच आपल्या पोटात जातो. म्हणून माझ्या घरात एकच नियम आहे: काकडी आधी, चिकन नंतर. काकडी धुऊन, चिरून, झाकून फ्रीजजवळच्या टेबलावर गेल्याशिवाय चिकनची पिशवी उघडायची नाही. चिकनला वेगळा बोर्ड. तो घासून झाला की हात साबणाने धुवायचे, मग दुसऱ्या कशाला हात. काकडी पिण्याच्या पाण्याने धुवा हेही सांगते. आमच्याकडे एमआयडीसीमुळे भूजलाच्या तक्रारी वर्षानुवर्षं बातम्यांत येत असतात, त्यामुळे इथे ही सवय आपोआप लागते. पुण्यातल्या टँकरवाल्या सोसायट्यांनीही लावून घ्यायला हरकत नाही.

आणि चिकन धुणं... यावर आमच्याकडे फोनवर चर्चासत्र झालं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, चार पाण्यांतून काढल्याशिवाय चिकन चढवायचं कसं गं? वास येतो!” मी म्हटलं, “आई, नळाखाली धरलं की त्याचे शिंतोडे सगळ्या सिंकभर उडतात.” ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ मध्ये यासाठी मोहीमच काढली होती, की कच्चं चिकन धुऊ नका, जंतू धुऊन जात नाहीत, उलट पसरतात. आईंना ब्रिटनचं काय कौतुक! शेवटी तह झाला. धुवायचंच असेल तर नळाखाली नाही, पातेल्यात पाणी घेऊन अलगद, ते पाणी हळूच सोडायचं आणि सिंक लगेच साबणाने घासायचं. मी स्वतः धुत नाही. हळद, आलं आणि लसूण वासाचं काम बघून घेतात. (आई हा कॉलम वाचतात. नमस्कार, आई!)

चिकन आणताना एक करा. दुकानदाराला ‘बोनलेस’ एवढंच सांगून फोनमध्ये डोकं घालू नका, नाहीतर टिक्क्यासारखे बारीक तुकडे मिळतील. पीस अख्खे मागा. ब्रेस्ट चालेल, पण मला लेगचं बोनलेस जास्त आवडतं. ते दोन मिनिटं जास्त शिजलं तरी कोरडं पडत नाही. गावरान कोंबडीचा मोह इथे नको. ती रश्श्याची राणी आहे, शिजायला वेळ घेते आणि तुम्हाला उद्या सकाळी नऊला स्टँडअप मीटिंग आहे.

दोघांसाठी साधारण ३०० ग्रॅम बोनलेस, दोन मध्यम काकड्या, एक वाटी तांदूळ. तांदूळ मी मावळचा इंद्रायणी घेते. थोडा चिकट होतो आणि बाउलमध्ये तेच हवं. सुटा मोकळा बासमती चमच्यातून पळतो.

काकडीचं टोक कापून चव बघा. कडू असेल तर अजून जरा कापा. सगळीच कडूजहर असेल तर सरळ फेकून द्या, तो कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि जास्त पोटात गेला तर त्रास देतो. मग काकडी कोचवा, अर्धा चमचा मीठ लावून चाळणीत ठेवा, खाली वाटी. काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं. ते आत्ता काढलं नाही तर ते बाउलमध्ये निघतं आणि शेवटचे चार घास म्हणजे भाताची पेज होते. वाटीत साठलेलं पाणी ताकात घाला, मस्त लागतं.

आता चिकन. पातेल्यात पीस, वर दोन बोटं येईल इतकं पाणी, ठेचलेलं आलं, चार लसूण पाकळ्या, पाच-सहा मिरी, चिमूट हळद, मीठ. उकळी आली की गॅस बारीक, झाकण, बारा ते पंधरा मिनिटं. पाणी नुसतं हलत राहायला हवं, खळखळायला नको. खळखळलं की चिकनचा रबर होतो आणि ‘उकडलेलं’ या शब्दाची बदनामी होते. गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकून ठेवा. मग सगळ्यात जाड जागी कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये आणि निघणारं पाणी स्वच्छ हवं. किचन थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस. गॅजेटप्रेमी नवऱ्याला वाढदिवसाला द्यायला ही वस्तू चांगली आहे, हे जाता जाता.

चिकन बाहेर काढा आणि ते पाणी गाळून घ्या. तेच खरं सोनं! भिजवून ठेवलेल्या इंद्रायणीला दोन वाट्या हे पाणी घाला आणि कुकर लावा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चिकन दोन काट्यांनी रेषेरेषेत ओरबाडून घ्या.

सॉससाठी तीन चमचे दाण्याचं कूट, एक चमचा सोया सॉस, अर्ध्या लिंबाचा रस, सुपारीएवढा गूळ, लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा तुमच्या झेपेल तेवढा, आणि सैल करायला उरलेलं चिकनचं गरम पाणी. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, सोया आणि काकडी दोन्ही आधीच खारट आहेत. काकडी मुठीत घट्ट पिळून त्यात टाका. वरून एक चमचा तेलात जिरं, हिंग, कढीपत्ता. सोया सॉस आणि हिंग एकत्र? हो. मलाही सांगितलं असतं तर पटलं नसतं. खाऊन बघा.

भात खाली, त्यावर एका बाजूला चिकन, दुसऱ्या बाजूला काकडी, कोथिंबीर. सगळं धरून चाळीस मिनिटं, त्यात हात चालतात ती पंधरा. बाकी वेळात मी कपडे घडी करते किंवा एडिटरच्या फोनला ‘पाच मिनिटांत पाठवते’ म्हणते.

आता साडेअकराच्या वाट्याचं. त्याचं चिकन निवलं की लगेच झाकून फ्रीजमध्ये. दोन तासांच्या वर बाहेर नाही. कुरकुंभच्या एप्रिलमध्ये तर तासभरसुद्धा नाही. भाताचंही तेच. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी फोडणी द्यायची आपली जुनी सवय आहे, पण त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात पसरून निववा, डब्यात भरा, फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना पाण्याचा हबका मारून वाफा येईपर्यंत गरम करा. काकडी पिळून वेगळी, सॉस वेगळा. फोडणीचं कढलं तसंच गॅसवर ठेवते, तो आल्यावर पुन्हा चर्र करायला.

परवा रात्री त्याने बूट काढता काढता विचारलं, “तू काय जेवलीस?” म्हटलं, “हेच. असंच.” मग तो जेवत होता आणि मी समोर बसून त्याच्या बाउलमधली काकडी पळवत होते. तीन ते अकराच्या आठवड्यात आम्हाला ‘एकत्र जेवण’ म्हणून जे मिळतं ते एवढंच.

फर्स्ट शिफ्टवाल्यांसाठी आणि ऑफिसच्या डब्यासाठी: उरलेलं चिकन सॉससकट पोळीत गुंडाळा, दोन दिवसांच्या आत संपवा. काकडी वेगळ्या डबीत न्या आणि जेवायला बसल्यावरच मिसळा.