उंचवट्यावरचा बुडबुडा

नदीवरून मळ्यापर्यंत पाइपलाइन टाकली तेव्हा माझे वडील फिटरशी एकाच गोष्टीवरून भांडले. पाइप टेकाडावर चढतो तिथे एअर व्हॉल्व्ह हवाच. हवा उंचवट्यावर जाऊन बसते आणि पाणी अडवते, हे शाळा सोडलेल्या माणसालाही ठाऊक होतं.

पुढे मी मुंबईजवळच्या समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर एकवीस वर्षं काढली. चौदा दिवस काम, चौदा दिवस घर. आडव्या विहिरी आल्या तेव्हा वडिलांचा व्हॉल्व्ह रोज आठवायचा. कागदावर आडवी विहीर म्हणजे नव्वद अंशांची सरळ रेघ. प्रत्यक्षात खोदणारा बिट कधी अठ्ठ्याऐंशी अंशांवर, कधी ब्याण्णववर. भोक सापासारखं वरखाली जातं. त्यात गॅस शिरला की प्रत्येक उंचवट्याच्या छताला चिकटून बसतो.

एका रात्री पिटच्या टाकीतला मड, म्हणजे विहिरीतून फिरून येणारा खोदाईचा चिखल, जेमतेम पाच बॅरल वाढला. म्हणजे विहिरीत काहीतरी शिरलं होतं. ड्रिलर म्हणाला, "साहेब, बंद करतो. मग काय ओरडायचं ते ओरडा." बीओपी, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह, बंद केला. आतला ड्रिलपाइप आणि बाहेरचं केसिंग, दोन्हींच्या गेजवर दाब जवळपास सारखा. किनाऱ्यावरच्या ऑफिसातून फोन आला: दाब सारखा म्हणजे गॅस नाही, खारं पाणी असेल, संगणकाचं मॉडेलही तेच सांगतंय.

उभ्या विहिरीत हे बरोबर ठरलं असतं. तिथे हलका गॅस मडच्या उभ्या स्तंभात जागा धरतो, मडचं वजन घटतं, केसिंगचा दाब चढतो. आमचा गॅस मात्र आडवा लोळत पडला होता. उंचीच नाही, तर गेजवर फरक दिसणार कुठून? मॉडेलमध्ये कुणीतरी सरळ रेघ आणि एकसारख्या व्यासाचं भोक भरलं होतं.

चोक या अरुंद व्हॉल्व्हमधून सावकाश मड फिरवायला घेतला. पाऊण तास सगळं शांत. मग गॅस वळणावर पोचून उभ्या भागात चढू लागला. अडीच हजार मीटर खोलीवर, मड पाण्याइतका हलका धरला तरी, हवेच्या दाबाच्या जवळपास अडीचशे पट दाब असतो. वर येताना हा दाब उतरतो आणि गॅस फुगतो. पिटची पातळी चढतच गेली. शेवटी गॅस जाळणारा फ्लेअर पेटला तेव्हा पाणी म्हणणारा फोनही बंद पडला. आमचा मड पाण्याचा होता म्हणून निदान पिटने इशारा दिला. तेलाच्या मडमध्ये गॅस आधी मुकाट विरघळतो आणि वर आल्यावर सोड्याच्या बाटलीसारखा उसळतो.

मी मॉडेलच्या विरोधात नाही. उंचवट्यांतला गॅस हलवायला पंप किती वेगाने चालवावा, हे अनुभवाने नेमकं सांगता येत नाही, गणितानेच येतं. पण त्या गणितात आज खोदलेल्या भोकाची आजचीच मापं हवीत, आणि उत्तर ड्रिलरच्या केबिनमध्ये हवं. पाइप वर काढण्याआधी अडकलेला गॅस निघावा म्हणून थांबून मड पूर्ण फिरवण्यात जातो तो दोनेक तासांचा वेळ रोजच्या अहवालात 'वाया' म्हणून लिहितात. तो रकानाच बदलावा. आसामातली बाघजानची विहीर आडवी नव्हती, पण 2020च्या मेमध्ये सुटलेला तिचा गॅस नोव्हेंबरपर्यंत आवरला नाही. आगीशी झुंजणारे दोन जवान गेले. त्या महिन्यांसमोर आमचे दोन तास ते काय?

ती रात्र त्या ड्रिलरच्या पाळीतली शेवटची होती. मॉडेलचा सुधारलेला आलेख दुसऱ्या दिवशी दुपारी मेलवर आला, तेव्हा ड्रिलर जुहूला हेलिकॉप्टरमधून उतरून घरी पोचलाही होता.