भाताचे कुसळ आणि नेत्रदानाचा संस्कार

दिवाळीच्या सुमारास मावळात इंद्रायणी भाताची कापणी आणि झोडणी सुरू होते. खळ्यावर उडालेले कुसळ शेतकऱ्याच्या डोळ्यात गेले, तर जखम होते ती पारपटलाला. म्हणजेच बुबुळावरील काचेसारख्या स्वच्छ पडद्याला.

जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पडदा डोळ्याच्या भिंगशक्तीचा सुमारे दोनतृतीयांश भार वाहतो. त्यात रक्तवाहिनी नाही. प्राणवायू तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत घेतो. जखमेत बुरशी शिरली आणि झाडपाल्याचा रस किंवा परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातले, की व्रण चिघळतो आणि डोळ्यात फूल पडते. तेथे चष्मा निरुपयोगी ठरतो.

मग आशा उरते ती पारपटलरोपणाची. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली ते प्रथम यशस्वी केले. रक्तवाहिन्या नसल्यामुळेच शरीर हे परके पटल सहसा स्वीकारते. मात्र ते मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढावे लागते. संकल्पपत्र कपाटात असले, तरी त्या वेळी होकार द्यावा लागतो तो नातेवाइकांना; आणि शोकाकुल घरात नवा निर्णय होत नाही.

दधीची ऋषींच्या अस्थिदानाची कथा घरोघरी सांगितली जाते. लोणावळ्यापासून वडगावपर्यंतच्या कुटुंबांनी नेत्रदानाचा विषयही तितक्याच सहजतेने जेवणाच्या पंगतीत काढावा. कार्यकर्त्यांनी आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. चितेत जे भस्म होणार, त्यातून दोघा अंधांची पहाट उगवू शकते.