ऑफ-व्हाईटच्या नानाची टांग!

गेल्या रविवारी एका मित्राच्या वास्तुशांतीला गेलो होतो. बाणेरला, अठरावा मजला. आत शिरलो आणि क्षणभर वाटलं, अरे, इथे तर आपण आधी येऊन गेलोय! आलो नव्हतो. दोन-तीन महिन्यांपूर्वी वाकडला दुसऱ्या एका मित्राकडे गेलो होतो आणि ते घर डिट्टो असंच होतं. ऑफ-व्हाईट भिंती, करडा एल आकाराचा सोफा, फिकट लाकडी रंगाचं टीव्ही युनिट, त्यावर बुद्धाचं डोकं (नुसतं डोकं... बाकीचा बुद्ध कुठे जातो कोण जाणे), कोपऱ्यात प्लास्टिकचं पाम आणि सगळ्यावर पिवळट एलईडीचा उजेड.

"कसंय? एकदम क्लासी ना?" मित्राने विचारलं.

"भारीच!" मी म्हणालो. श्रीखंड-पुरी हाणली आणि घरी आलो.

तर आजचा हा लेख म्हणजे त्या "भारीच"चं प्रायश्चित्त आहे. मित्रा, वाचत असशील तर माफ कर. श्रीखंड खरंच उत्तम होतं.

तुम्ही म्हणाल, लोकांच्या भिंतींशी तुला काय करायचंय? तू पैसे भरणार आहेस का? बरोबर आहे. पण मी हे बाहेरून बोलत नाहीये. चार वर्षांपूर्वी मी स्वतः हाच गाढवपणा केलाय, रोख पैसे मोजून. म्हणून थोडं ऐका.

आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा एका इंटिरियरवाल्याला काम दिलं. त्याने लॅपटॉपवर थ्रीडी चित्रं दाखवली. बायको म्हणाली, "हॉलची एक भिंत पिवळी करूया का?" त्यावर तो असा काही हसला की जणू तिने हॉलमध्ये म्हैस बांधायचं सुचवलं होतं. "मॅडम, पिवळा आता कोणी करत नाही. न्यूट्रल ठेवू. टाइमलेस दिसतं. आणि उद्या विकायला काढलात तर रीसेलला बरं." आम्ही दोघं बावळटासारखे मान डोलावत राहिलो. घर अजून ताब्यातही आलं नव्हतं आणि आम्ही ते विकत घेणाऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या आवडीने रंगवायला निघालो होतो!

घर तयार झालं. मग आई आली, कराडहून. येताना तिने एक वाकळ आणली होती. ज्यांना वाकळ म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी. ही आजीच्या वेळची. इरकलीचे लाल काठ, हिरवी, जांभळी, मधेच एक भडक गुलाबी तुकडा. बायकोने ती हातात घेतली, सोफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आई, छान आहे गं. नीट ठेवून देतो." आणि माळ्यावर टाकली. हो, मीच. बायकोला दोष देऊन सुटणार नाही.

आई पंधरा दिवस राहायला आली होती. आठव्या दिवशी म्हणाली, "जाते आता." मला वाटलं काही बिनसलं, सासू-सुनेचं काही. तसं काहीच नव्हतं. दोन-तीनदा विचारल्यावर बोलली, "अरे, घर चांगलंय तुझं. पण हात कुठं लावायचा कळत नाही. हळदीचा हात लागंल म्हणून सारखी भीती. मी आपली खाली बसते तर तू म्हणतोस वर बस. वर बसले तर वाटतंय दवाखान्यात नंबर लावून बसलेय."

दवाखान्यात नंबर लावून बसलेय! हे वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही. ज्या घराच्या हप्त्यासाठी मी वीस वर्षं राबणार आहे, त्या घरात माझी आई पेशंटसारखी बसली होती. आणि खरं सांगायचं तर मीही तसाच बसत होतो. मुलीच्या हातात स्केचपेन दिसला की माझं ब्लडप्रेशर वाढायचं. हे घर आम्ही वापरत नव्हतो, आम्ही त्याची राखण करत होतो.

तिथून मी या विषयाच्या मागे लागलो. (सवयच आहे. प्रॉडक्शनला बग आला की मुळापर्यंत गेल्याशिवाय झोप येत नाही.) ऑफ-व्हाईटच्या बाजूने जे जे सांगितलं जातं ते एकेक घेऊन बघितलं.

पहिलं: पांढरं म्हणजे अभिरुची, रंग म्हणजे गावठी. हे कुठून आलं? युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनी अठराव्या शतकात ग्रीक संगमरवरी पुतळे बघितले आणि शुभ्रतेच्या नावाने आरत्या ओवाळल्या. गंमत अशी, की ते पुतळे मुळात रंगवलेले असायचे. लाल, निळे, पिवळे, चांगले भडक. हजार-दोन हजार वर्षांत रंग उडून गेला आणि उरलं ते पांढरं. म्हणजे डेटा करप्ट झाला आणि लोकांनी त्यालाच स्पेसिफिकेशन समजलं!

पुढे १९२५ साली ल कार्बुझिए या वास्तुविशारदाने लिहून ठेवलं की प्रत्येक नागरिकाने घरातले पडदे-बिडदे, नक्षीचे कागद काढून भिंतींना शुभ्र पांढरा रंग द्यावा. त्याला तो कायदाच म्हणाला. आणि हाच बाबा १९३१ मध्ये एका स्विस वॉलपेपर कंपनीसाठी रंगांचा मोठा संग्रह करून देतो. आणि आपल्या चंदीगडला त्याने हायकोर्ट बांधलं त्याच्या दारातले ते अवाढव्य खांब बघा: हिरवा, पिवळा, लाल. म्हणजे गुरूने कधीच पार्टी बदलली, आणि इथे बाणेरचे शिष्य अजून पांढरा झेंडा धरून उभे.

दुसरं: आपल्याकडे जुन्या घरांनाही पांढरा चुनाच असायचा की! असायचा. मान्य. चुना स्वस्त होता, उन्हाला बरा होता, आणि गच्चीला पांढरा रंग दिला तर घर तापत कमी हे आजही खरंच आहे. पण त्या चुन्यातही लोक नीळ मिसळायचे. खाली गेरूचा पट्टा. दाराला हिरवा नाहीतर निळा ऑइलपेंट. उंबऱ्यावर हळदकुंकू, पुढे रांगोळी. भिंत पांढरी होती कारण बाकी सगळं रंगीत होतं. आपण बाकीचं सगळं काढून टाकलं आणि भिंत तेवढी ठेवली.

तिसरं: रीसेल. अहो, दर सात-आठ वर्षांनी भिंती पुन्हा रंगवाव्याच लागतात. नवीन मालक तर पहिल्या दिवशी रंगारी बोलावतो, तुम्ही कितीही न्यूट्रल राहिलात तरी. त्या माणसाची सोय म्हणून आपण स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं राहायचं?

चौथं, आणि हे आमच्या आयटीवाल्यांचं लाडकं: निर्णय कमी घ्यावे लागतात. मार्क झुकरबर्गने २०१४ मध्ये सांगितलं होतं ना, की रोज तोच करडा टीशर्ट घालतो म्हणजे बारीकसारीक निर्णयांत डोकं खर्च होत नाही. झालं! आमच्या ऑफिसात त्यानंतर अर्धा फ्लोअर करडा. मीही त्यात. सात टीशर्ट, चार करडे, दोन काळे, एक नेव्ही ब्लू (बंडखोरी!). आता मला सांगा, सकाळी शर्टाचा निर्णय वाचवून साठवलेलं ते डोकं आपण नेमकं कुठे लावलं? मी माझं सांगतो. रात्री जेवण मागवताना मोबाइलवर पाऊण तास, आणि मग तीच पनीर बिर्याणी. आणि तो झुकरबर्ग? २०२४ पासून गळ्यात सोन्याची साखळी, ढगळ टीशर्ट, त्यावर लॅटिन अक्षरं. तो गेला पुढे निघून. आम्ही बसलो करडे.

लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहातल्या सात हजारांहून जास्त वस्तूंचे फोटो घेऊन २०२० मध्ये एक अभ्यास झाला होता, कॉम्प्युटरने रंग मोजून. गेल्या दोनेकशे वर्षांत वस्तूंमध्ये करड्या रंगाचं प्रमाण वाढत गेल्याचं त्यात दिसतं. एक कारण सरळ आहे: लाकूड गेलं, धातू आणि प्लास्टिक आलं. त्यावरून "जग बेरंगी झालं हो" अशी बोंब ठोकायची गरज नाही, ती फक्त एका म्युझियमची कपाटं आहेत. पण २०२६ सालचा रंग म्हणून पॅन्टोनने 'क्लाउड डान्सर' नावाची चक्क पांढरी छटा निवडली तेव्हा मी हात टेकले. जगातल्या सगळ्या रंगांतून निवडायला बसवलं आणि यांनी कोरा कागद परत दिला!

आता पाचवं, आणि यावर मात्र मी जरा गप्प होतो: शांत वाटतं. दिवसभर स्क्रीन, हॉर्न, फ्लेक्स, दादांच्या वाढदिवसाचे बोर्ड... घरी आल्यावर डोळ्यांना विसावा हवा. खरंय. ज्याला खरोखर पांढऱ्यात शांत वाटतं त्याने बिनधास्त पांढऱ्यात राहावं. माझं भांडण त्याच्याशी नाही. पांढऱ्याशीही नाही. मराठीत फिक्या रंगांना काय कमी नावं आहेत? मोतिया, बदामी, श्रीखंडी, हस्तिदंती. माझं भांडण डीफॉल्ट सेटिंगशी आहे. न निवडता आलेल्या रंगाशी. तुम्हाला बदामी आवडतो म्हणून तो भिंतीवर असेल तर तो रंग. "चुकायला नको" म्हणून असेल तर ती भीती.

आणि या भीतीपायी आपली भाषासुद्धा चालली आहे राव. आई साडीच्या दुकानात बसली की नुसतं ऐकत बसावं: मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी, अबोली, आमसुली, गुलबक्षी, राणी, शेवाळी, वांगी, विटकरी. बहुतेक रंग एकतर खायचे नाहीतर झाडावर दिसायचे! संक्रांतीला काळी चंद्रकळा. म्हणजे आमच्याकडे काळ्यालाही सण आहे. आणि माझ्या मुलीला रंग विचारले तर? पिंक, डार्क पिंक, लाईट पिंक. चूक तिची नाही. ज्या घरात दाखवायला अबोली काही नाही तिथे अबोली शब्द कसा शिकवणार? मी तर हेक्स कोडमध्ये विचार करणारा माणूस. माझ्याकडे एक कोटी सदुसष्ट लाख रंग आहेत आणि सांगायला नाव एकाचंही नाही.

असो. नुसतं बोंबलून उपयोग नाही, तर काय केलं ते सांगतो.

एका शनिवारी सोफ्यामागची भिंत रंगवली. आम्हीच. बारा बाय नऊची भिंत, म्हणजे १०८ चौरस फूट. दोन हातांना दीड लिटरही रंग लागला नाही. पावसाळ्यानंतर साताऱ्याच्या डोंगरांवर सोनकी फुलते ना, तो पिवळा. इंटिरियरवाला बघेल तर त्याला घेरी येईल. लक्ष्मी रोडवरून खणाचं कापड आणलं, डाळिंबी आणि हिरवं, आणि उशांचे अभ्रे शिवून घेतले. सगळ्याचा खर्च आमच्या एका मॉलच्या चकरेइतका. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनो, "मालक रंग लावू देत नाही" म्हणू नका. मालक भिंतीचा आहे. चादर, पडदा, अभ्रा, ताटली आणि अंगावरचा शर्ट तुमचाच आहे.

शर्टाचंही केलं. एक मोरपंखी कुर्ता घेतला आणि शुक्रवारी ऑफिसला घालून गेलो. लिफ्टमध्ये तीन जणांनी विचारलं, "आज काय, लग्नाला?" सलग चार शुक्रवार घातल्यावर विचारायचे थांबले. आता एक जण गुपचूप विटकरी घालायला लागलाय. :)

आणि माळ्यावरून वाकळ काढली. उन्हात टाकली, सोफ्यावर पसरली. त्या दिवाळीला आई आली. दारातूनच भिंत बघितली आणि म्हणाली, "जरा जास्तच पिवळी झाली की रं." (आयांना खूश करणं कुणाला जमलंय?) मग वर पाय घेऊन वाकळीवर बसली आणि नातीला एकेक तुकडा दाखवायला लागली. हा हिरवा पणजीच्या लुगड्याचा. हा जांभळा मामाच्या लग्नातला. आणि तो भडक गुलाबी? तो माझ्या बारशाला आईने नेसलेल्या साडीचा निघाला. एवढी वर्षं ती वाकळ घरात होती आणि मला हे माहीत नव्हतं. मी ती माळ्यावर टाकली तेव्हा हेही माळ्यावर टाकलं होतं.

आई पंधरा दिवसांसाठी आली होती. बावीस दिवस राहिली. भिंतीवर स्विचच्या बाजूला हळदीचं एक बोट उमटलंय. पिवळ्यावर पिवळं, शोधल्याशिवाय दिसत नाही.

तेव्हा मंडळी, या वीकेंडला एकच करा. आपापल्या माळ्यावर चढा आणि "नीट ठेवून दिलेलं" काय काय आहे ते बघा. मी खालून स्टूल धरतो.